तुराटी

संत्र्याचे पासष्ट कॅरेट भरले
(कागदावर चाळीस)
की माझा छोटा हत्ती मागून बसतो, पुढून उठतो,
स्टेअरिंग हातात हलकं लागतं.
ब्रेक मारला तर थांबायला
एका बाभळीपासून दुसरीपर्यंतची जागा हवी.
हे मला ठाऊक होतं.
तिला ठाऊक असायचं कारण नव्हतं,
म्हणून मी हॉर्न वाजवायचो.
सरक. आलो. नऊला वरूडात बोली लागते,
उशिरा आलेल्या मालाकडे दलाल चष्म्यावरून बघतो.

फाट्यापासून शाळेपर्यंत सहा किलोमीटर.
डांबर एवढंच, की समोरून एसटी आली
तर कुणीतरी मातीत उतरावं.
आणि माती काळी, काठापासून वीतभर खाली.
सायकल एकदा उतरली की वर चढत नाही,
आडवी होते.
हे तिला ठाऊक होतं. मला नव्हतं.
चार चाकांवर बसलेल्याला काठ दिसत नाही.

सुकेसनी वासनिक. नाव नंतर कळलं.
आधी ती नुसती एक पाठ होती,
दप्तर, दोन वेण्या, निळी सायकल.

एका सोमवारी तिच्या कॅरिअरला
आडवी तुराटी बांधलेली,
उजव्या अंगाला हातभर बाहेर,
टोकाला लाल चिंधी.
शेजारी बसलेला कवडू हमाल म्हणाला,
"सरपण नेते का काय पोरगी शाळेत?"
आम्ही हसलो पुलापर्यंत.

बुधवारी डाव्या दारापासून मागच्या फाळक्यापर्यंत
करर्र.

गाडी लावली. उतरलो. शिवी तोंडात तयार.
तिचा एक पाय डांबरावर, एक पॅडलवर.
आधी मोडक्या तुराटीकडे पाहिलं तिने, मग माझ्याकडे.
"रेघ पडली नं काका.
काडी नसती तं माह्या कोपरावर पडली असती."
रडवेली नव्हती. उधारीचा हिशेब सांगावा तसं सांगितलं.
"घरी बांबू होता. पण बांबू मोडत नाही,
त्यानं मलेच ओढून नेलं असतं."

म्हणजे रोज एवढं ठरवून निघायची ती घरातून,
कोणत्या बाजूला, किती लांब,
आणि मोडायचंच तर काय मोडावं.
मी ठरवायचो फक्त हॉर्न.

"चाल नं बे, लिलाव जाईल!" कवडू आतून ओरडला.
लिलाव गेलाच. कॅरेटमागे वीस रुपये.
खोटं कशाला सांगू,
त्या वीस रुपयांचा राग दोन दिवस होता माझ्या अंगात.

मोर्शीचा पेंटर म्हणाला, तीनशेत बुजवून देतो.
राहू दे म्हटलं. का, ते मला सांगता आलं नाही.

आता समोरून एसटी येत असेल
तर मी सायकलच्या मागेच राहतो,
सायकलच्या चालीने, पासष्ट कॅरेट घेऊन.
मागचे बोंबलतात. बोंबलू देत.
रस्ता मोकळा झाला की पार पलीकडून जातो,
आणि आरशात चिंधी बघतो.
चिंधी फडफडली तर अजून जवळ होतो.
तीही पुलाच्या अलीकडे हात दाखवायला लागली,
सरळ, कोपर न वाकवता,
उत्तर येत असलेल्या पोरीसारखा.

दहावीनंतर ती अमरावतीला गेली म्हणतात.

काल निळ्या सायकलवर धाकटा भाऊ.
पाय पुरत नाहीत, सीटवरून या अंगाला त्या अंगाला डुलत जातो.
तुराटी आहे. पण बांधली डावीकडे,
बाभळीच्या बाजूला.

गाडी पुढे नेऊन थांबवली, उतरलो.
पोरगं जागीच थिजलं, दाराकडे बघत,
"काका, ते रेघ मी नाही पाडली."

"माहीत आहे," म्हटलं, आणि वाकून
सुतळीची गाठ सोडायला लागलो.
पक्की होती. दातांनी सोडवावी लागली.